एकसष्टचा फेरा

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, गौताळ्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवीचं ठाणं आहे. देवीच्या दर्शनाला खानदेशभरातून माणसं येतात. गणिताच्या अभ्यासकांना मात्र पाटण ठाऊक असतं ते तिथल्या शिलालेखामुळे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. तो इ. स. १२०७चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग तर चक्क जुन्या मराठीत आहे.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त एक प्रश्न आहे. असा कोणता धन पूर्णांक, की ज्याच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच मिळेल?

६१च्या जागी ६० घ्या. उत्तर ४ : साठ गुणिले सोळा म्हणजे ९६०, त्यात एक मिळवला की ३१चा वर्ग. ६२ घेतले तर उत्तर ८. दोन्हीकडचे शेजारी असे सरळ, आणि मधल्या ६१चं सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०! वर्गमूळ येतं १,७६,६३,१९,०४९.

एकेक अंक घालून पाहत बसलं तर आयुष्य सरेल. भास्कराचार्यांनी वापरली ती चक्रवाल पद्धत. तिचं एक रूप त्यांच्याआधी जयदेव नावाच्या गणितज्ञाने दिलं होतं. सुरुवात अगदी साधी. आठाचा वर्ग ६१हून ३ने जास्त. ७ हा गुणक निवडून एक फेरा केला की ३९ आणि ५ ही जोडी हाती येते : ३९चा वर्ग १५२१, तर पाचाच्या वर्गाची ६१ पट १५२५. फरक अवघा चारचा.

इथे ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ कामी येते. दोन जोड्यांचा ठरावीक रीतीने गुणाकार करून तिसरी जोडी काढायची. त्यातून २९,७१८ आणि ३,८०५ मिळतात. आता पहिल्याचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गाच्या ६१ पटीपेक्षा फक्त १ने कमी. या दोघांच्या गुणाकाराची दुप्पट केली, की ते बावीस कोटींचं उत्तर हजर. हा शेवटचा गुणाकार वाचकांनी कागदावर करून पाहावा.

एवढ्या मोठ्या संख्यांचा उपयोग काय? मोठीला लहानीने भागलं, तर ६१चं वर्गमूळ दशांशचिन्हानंतर सतरा घरांपर्यंत बिनचूक मिळतं.

१६५७मध्ये फ्रान्सच्या फर्मानेही समकालीन गणितज्ञांपुढे नेमका हाच ६१चा प्रश्न टाकला. भास्कराचार्यांचं उत्तर तेव्हा पाचशे वर्षांचं जुनं होतं आणि फर्माला त्याचा पत्ता नव्हता. त्याने सोबत १०९चाही प्रश्न घातला होता. त्याचं सर्वांत लहान उत्तर चौदा अंकी आहे : १५१४०४२४४५५१००.