सुगंधाची गाठ वातीशी

‘वास कमी येतोय, तेल वाढवू का?’ माझ्याकडे सुगंधी मेणबत्त्या शिकायला येणाऱ्या बायकांचा हा ठरलेला प्रश्न. माझं उत्तरही ठरलेलं: आधी वात बघा.

मेणबत्तीचा सुगंध ज्योतीतून येत नाही. ज्योतीत गेलेलं तेल तर जळूनच जातं. तिच्याभोवती वितळलेल्या मेणाचं जे तळं साचतं, तिथून सुगंध हवेत उडतो. तळं रुंद झालं की खोली दरवळते. वात बारीक असेल, तर मेण फक्त मधोमध वितळून खड्डा पडत जातो. कडेचं मेण आणि त्यातलं महागडं तेल तसंच वाया जातं. वात जाड असेल, तर ज्योत उंच होते आणि ग्लासच्या काठावर काजळी धरते. म्हणून नवा ग्लास आणला की मी वेगवेगळ्या जाडीच्या वाती लावून तासन्‌तास बघत बसते. या कामाला पर्याय नाही.

देवघरातली फुलवात इथे चालत नाही. सुताची विणलेली, मेणात बुडवलेली वातच हवी. पूर्वी वातीचं जळकं टोक सारखं कात्रीने कापावं लागे. १८२५ साली फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी विणलेली वात आणली आणि ती कटकट बरीच कमी झाली. पेटलेली मेणबत्ती जवळून बघा. विणीच्या ताणामुळे वात एका बाजूला वाकलेली दिसेल. तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या कडेला, जिथे हवा मिळते तिथे, लाल होतं आणि आपोआप जळून जातं. इतकी साधी आणि इतकी हुशार गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

आता मेण. पॅराफिन आमच्याकडे पुण्यात रविवार पेठेत मिळतं. सोया मेण मी ऑनलाइन मागवते. सोया साधारण ५० अंश सेल्सिअसला वितळतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ते मऊ पडतं आणि वर तेलाचे थेंब दिसतात. उन्हाळ्यात मी त्यात थोडं मधमाश्यांचं मेण घालते, ते ६२ अंशांच्या पुढेच वितळतं.

ग्लासात २०० मिली पाणी मावत असेल, तर मेण सुमारे १८० ग्रॅम लागतं. त्यात ८ टक्के, म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास सुगंधी तेल पुरतं. तेल वजनावर मोजा, चमच्याने नको. गुलाबपाणी किंवा केकचा इसेन्स घालू नका. त्यात पाणी असतं, ते मेणात मिसळत नाही आणि ज्योत तडतडते. मेणबत्तीसाठीचंच तेल घ्या. मोगऱ्याचा शुद्ध अर्क फार महाग असतो, त्यामुळे बाजारातला मोगरा बहुतेक वेळा कृत्रिमच असतो. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त ‘नैसर्गिक’ म्हणून विकू नये, एवढं माझं ठाम मत आहे.

मेण थेट गॅसवर कधीच ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि त्यात मेणाचं स्टीलचं भांडं ठेवा. मेण ७०-७५ अंशांवर आलं की भांडं उतरवा, तेल घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. सोया मेण ६० अंशांच्या आसपास ओता. ग्लास जाड काचेचा आणि कोमट हवा, गार काच तडकते. चुकून मेणाने पेट घेतलाच, तर गॅस बंद करून भांड्यावर झाकण टाका. पाणी मुळीच ओतू नका: त्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण चहूकडे उडतं.

पहिल्यांदा लावाल तेव्हा तळं काठापर्यंत पोहोचेपर्यंत विझवू नका. सात सेंटिमीटर रुंदीच्या ग्लासाला अडीच-तीन तास लागतात. दर वेळी लावण्याआधी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा.

सोया मेणात सुगंध मुरायला दोन आठवडे द्यावे लागतात. दिवाळीसाठी करणार असाल, तर दसऱ्यालाच ओतून, गार झाल्यावर झाकण लावून ठेवा.