मोठा स्वयंपाक, छोटी खोली : जेवणावळीच्या दिवशी घ्यायची काळजी

जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, की घरातले मंगलकार्य असो, त्या दिवशी आपल्याकडे वीस-पंचवीस माणसे सहज जेवतात. गावाकडून भाऊ-भावजय येतात, लेकी-जावई येतात, शेजारच्यांना तर सांगावेच लागत नाही. खोली मात्र रोजचीच असते. एक शेगडी, एक मोरी, पाण्याचा एक ड्रम. त्यातच मोठी पातेली चढतात, मुले पायात पायात करतात आणि घरातली बाई पहाटेपासून उभी असते.

मी अपघात विभागात ड्यूटी करत होते तेव्हा अशा दिवसांनंतर दोन प्रकारचे रुग्ण हमखास यायचे. एक भाजलेले आणि दुसरे उलट्या-जुलाबाचे. दोन्हींतले बहुतेक प्रसंग टळण्यासारखे असतात. हातावर पोट असलेल्या घरात एक माणूस आठवडाभर पडून राहिले तर किती ओढाताण होते, हे कुणी सांगायला नको. म्हणून आज या पानावर जेवणावळीच्या दिवसाचा हिशेब मांडते आहे.

विटाळ वेगळा, स्वच्छता वेगळी

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या हातचे पाणी चालत नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. पाळीच्या दिवसांत बाईने चुलीला शिवू नये, असेही कित्येक घरांत अजून म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने यात काहीही तथ्य नाही. अन्न नासते ते जंतूंमुळे, आणि जंतूंना लागतात ओल, ऊब आणि वेळ. ते जात विचारत नाहीत. पाळीतली बाई हात धुऊन स्वयंपाक करू शकते. तिला थकवा असेल तर तिने विश्रांती घ्यावी, तो भाग निराळा.

हात मात्र प्रत्येकाने साबणाने धुतलेच पाहिजेत. संडासहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, नाक शिंकरल्यावर आणि कच्च्या मटणाला हात लावल्यावर. नखांच्या खाली आणि बोटांच्या फटीत साबण गेला पाहिजे. ज्याच्या हाताला पिकलेली जखम किंवा गळू आहे, ज्याला जुलाब होत आहेत, त्याने त्या दिवशी अन्नाला हात लावू नये. झाडू, पाणी, पाहुण्यांची ऊठबस ही कामे त्याच्याकडे द्यावीत.

कच्चे एकीकडे, शिजलेले एकीकडे

कच्ची कोंबडी, मटण आणि मासे यांत जंतू असतातच. शिजवल्यावर ते मरतात, पण त्याआधी विळीवरून, ताटातून आणि हातातून ते कोशिंबिरीत गेले तर कोशिंबीर काही आपण उकळत नाही. म्हणून कांदा, काकडी, कोथिंबीर आधी चिरून झाकून ठेवा आणि मटण नंतर हाताळा. विळी किंवा सुरी एकच असेल तर मधे साबण आणि गरम पाण्याने धुवा. ज्या परातीत कच्चे मटण मुरत ठेवले होते, त्याच परातीत शिजलेले काढू नका.

कोंबडी नळाच्या धारेखाली धुतली की पाण्याचे शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. धुवायचीच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, पाणी मोरीत सावकाश ओता आणि मोरी साफ करा. कोंबडी-मटण बाजारातून सगळ्यात शेवटी आणा आणि आणल्यावर लगेच चढवा. एप्रिल-मेच्या उन्हात पिशवी तासभर खुंटीला टांगून ठेवू नका.

शिजले की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. कोंबडीचा सगळ्यात जाड तुकडा, म्हणजे मांडी, मोडून पाहा. हाडाजवळ मांस गुलाबी नको आणि निघणारा रस लालसर नको. मोठ्या पातेल्यात वर उकळी दिसते, पण मधले आणि कडेचे तुकडे मागे राहतात. म्हणून तळापासून ढवळत राहा आणि दोन-तीन ठिकाणचे तुकडे तपासा.

भाड्याने आणलेली तांब्या-पितळेची भांडी असतील तर आत कल्हई आहे का पाहा. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंच, कोकम, टोमॅटो, दही, ताक असे आंबट पदार्थ ठेवले तर तांबे अन्नात उतरते आणि मळमळ, उलट्या होतात.

दोन तासांचा हिशेब

जेवणावळीतले बहुतेक आजार शिजवताना होत नाहीत, ते शिजवून झाल्यानंतर होतात. काही जंतूंची बीजे उकळल्यावरही जिवंत राहतात. अन्न वाफाळते आहे तोवर ती गप्प असतात. अन्न कोमट झाले की ती उगवतात. सोयीची ऊब मिळाली तर जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने चार तासांत एकाचे चार हजारांवर जातात.

भाताचे उदाहरण घ्या. सकाळी मोठा टोपभर भात शिजवून झाकून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत वाढत राहिलो, तर त्यात असे विष तयार होऊ शकते की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. असा भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. मटणाच्या रश्श्याचेही तसेच. वीस माणसांचा रस्सा जाड पातेल्यात झाकून ठेवला तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. रात्री खाल्ले की दुसऱ्या दिवशी पोटात कळा आणि जुलाब. वास येत नाही, चवही बदलत नाही, म्हणून कळत नाही.

यासाठी नियम एवढाच : शिजलेले अन्न एक तर वाफाळते ठेवा, नाही तर दोन तासांच्या आत संपवा. उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, एकच तास धरा. पाहुणे दोन पंगतींत येणार असतील तर भात दोन वेळा लावा. उरलेले ठेवायचेच असेल तर ते पसरट परातींत थोडे थोडे काढून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी खाताना चांगली उकळी आणा, तीही एकदाच. फ्रीज नसेल तर गरम असतानाच शेजारी वाटून टाका. मुळात अंदाज नीट बांधला तर उरतच नाही. मोठ्या माणसाला साधारण १०० ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो, म्हणजे वीस माणसांना २ किलो.

बुद्धपौर्णिमेच्या खिरीला वेगळे सांगावे लागेल, कारण दूध, साखर आणि वैशाखातली उष्णता हे तिन्ही जंतूंच्या आवडीचे. खीर वाटपाच्या वेळेलाच तयार होईल अशी चढवा, आदल्या रात्री करून ठेवू नका. वाटताना पातेले मंद आचेवर राहू द्या. जुन्या खिरीत नवी खीर ओतू नका. वाटणाऱ्याने लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, हात किंवा पेला बुडवू नये. पिण्याच्या पाण्यालाही हेच लागू. टँकरचे पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकून घ्या. सरबतात मासळी-भाजीवाल्यांचा बर्फ घालू नका.

गॅस, तेल आणि कुकर

आदल्या दिवशीच सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी पाहून घ्या. नळी आयएसआय खुणेची असावी, तिला चिरा नसाव्यात. तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीही पाच वर्षांनी बदलावी. गळती तपासायला साबणाचे पाणी लावा, फुगे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही पाहू नका. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असे तीन-तीन महिने मोजायचे. ती तपासणीची मुदत असते. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका.

गॅस संपत आला की काही जण सिलिंडर आडवा करतात किंवा गरम पाण्याच्या परातीत ठेवतात. हे जिवाशी खेळणे आहे. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी. काळ्या बाजारात भरलेले छोटे सिलिंडर पाहुण्यांच्या घाईतही आणू नका. मोठी भट्टी लावायची तर खोलीत लावू नका. मोकळ्यावर, मंडपाच्या कापडापासून दूर लावा आणि शेजारी पाण्याच्या व वाळूच्या बादल्या ठेवा. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोरच्या मेणबत्त्याही पडद्यापासून आणि शेगडीपासून लांब असाव्यात.

घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे, पंख्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, कारण दोन्हींत ठिणगी पडते. मेणबत्ती, उदबत्ती विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊनच फोन करा.

वडे-पुऱ्या तळताना कढई निम्म्यापेक्षा जास्त भरू नका आणि कढई सोडून जाऊ नका. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण किंवा ताट ठेवा. पाणी मुळीच ओतू नका. पाणी तेलाच्या तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटलेले तेल छतापर्यंत उडते. पेटलेली कढई उचलून बाहेर नेऊ नका, ती तेवढ्या वाटेत अंगावर सांडते.

कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. डाळ-तांदूळ थेट कुकरात लावत असाल तर निम्माच भरा, कारण ते फुगतात आणि शिटीचे भोक बुजते. लावण्याआधी ते भोक उजेडासमोर धरून पाहा. वाफ पूर्ण जाईपर्यंत झाकणाशी झोंबू नका.

भाजून येणाऱ्यांत लहान मुले फार असतात. जमिनीवर ठेवलेले वरणाचे पातेले, खाटेवरचा चहा, ओट्याबाहेर आलेला कढईचा दांडा, उभी उघडी विळी, यांतून हे घडते. स्वयंपाकाच्या तीन-चार तासांत मुलांकडे बघायला एक मोठे माणूस नेमा आणि ते पुरुषांपैकीच असू द्या. पातेले उतरवणे, पाणी आणणे, भांडी घासणे ही कामेही घरातल्या पुरुषांनी वाटून घ्यावीत. थकलेल्या, झोप न झालेल्या बाईच्याच हातून सांडशी निसटते. तिने साडीचा पदर खोचावा आणि त्या दिवशी नायलॉनऐवजी सुती कपडे घालावेत.

भाजले तर

कपड्याने पेट घेतला तर धावू नका. जमिनीवर झोपा, लोळा, वरून जाड सुती चादर किंवा गोधडी टाका. आग विझली की भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे थंड पाणी सोडा. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा. पाणी विकत घ्यावे लागते म्हणून हात आखडू नका. हे पाणीच सगळ्यात मोठे औषध आहे. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या, पैंजण काढा. चिकटलेले कपडे ओढू नका. नंतर स्वच्छ, कोरडे सुती कापड सैल झाका.

टूथपेस्ट, हळद, शाई, तेल, तूप, बर्फ यांतले काहीही लावू नका. जखमेवरची ती टूथपेस्ट खरवडून काढताना रुग्ण कसा तळमळतो, ते मी पाहिले आहे. फोड फोडू नका. भाजलेला भाग रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिय भाजले असेल, किंवा रुग्ण लहान मूल, म्हातारे माणूस वा गरोदर बाई असेल तर दवाखान्यात न्यायलाच हवे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे तिथे विचारा. बाई भाजली की पोलीस विचारपूस करतात, त्या भीतीने उशीर करू नका. अपघात असेल तर तसे सांगा. त्यामागे छळ असेल तर तेही न घाबरता सांगा, नर्सताईला एकटीला सांगितले तरी चालेल.

उलट्या-जुलाब झाले तर

चारजण एकदम आजारी पडले की कुणी नजर लागली म्हणते, कुणी करणी म्हणते. उतारे टाकण्यात वेळ घालवू नका. शरीरातून गेलेले पाणी आणि मीठ भरून काढा. ओआरएसचे पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ विरघळवा. चमचा म्हणजे चहाचा, डाव नव्हे. घोट घोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नका. मुलांना जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका.

डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले, ताप चढला, पाणीही पोटात ठरेना किंवा मूल मलूल पडले, तर लगेच दवाखाना गाठा. बरेचजण आजारी पडले असतील तर उरलेले अन्न झाकून वेगळे ठेवा आणि आरोग्य केंद्राला किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. यात लाजण्यासारखे काही नाही. तुमच्या कळवण्याने बाकीची घरे वाचतात.

शेवटी, हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून शेगडीजवळच्या भिंतीवर लावा आणि मुलांकडून पाठ करून घ्या :

रुग्णवाहिका – १०८
अग्निशमन दल – १०१
गॅस गळती – १९०६
कोणतीही तातडीची मदत – ११२

गल्लीच्या तोंडाशी गाडी लावलेली असेल तर जेवणावळीच्या आदल्या दिवशीच ती हलवायला सांगा. रुग्णवाहिका आणि बंब आत येण्याएवढी वाट मोकळी ठेवणे, हेही त्या दिवशीच्या तयारीतले एक काम आहे.