पडदा लावण्याआधी रंग विचारा

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे सांगली जिल्ह्यात लहान पोरांनाही ठाऊक असतं. हळदीतलं कुरकुमिन अल्कधर्मी पदार्थाशी लाल पडतं. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ते त्यामुळेच. पण कुरकुमिन उन्हालाही टिकत नाही. घरी बांधून हळदीत रंगवलेली ओढणी मी इस्लामपुरातल्या आमच्या पश्चिमेच्या खिडकीला पडदा म्हणून लावली होती. उन्हाळा संपता संपता तिच्यावरचे पांढरे ठिपके दिसेनासे झाले. ठिपके जागच्या जागीच होते, भोवतीचा पिवळा उडाला होता.

बांधणी ही रंगापासून कापड वाचवण्याची कला आहे. चिमटीतलं कापड दोऱ्याने करकचून आवळलं की तिथे रंग शिरत नाही. बाटिकमध्ये हेच काम मेण करतं, अजरखमध्ये चुना आणि डिंक. पटोळ्यात तर विणण्याआधी रेशमाचे धागेच बांधून रंगवतात. पटोळं गुजरातेतल्या पाटणचं. पण राजा कुमारपालाने बाराव्या शतकात साळवी विणकरांची 700 कुटुंबं जालन्याहून तिकडे नेली, असं परंपरा सांगते.

मला सर्वांत देखणी वाटते ती मेणाची आणि निळीची जोडी. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 65 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे उकळत्या रंगात त्याचा निभाव लागणार नाही. नीळ मात्र थंड हौदातही चढते. मुळात ती पाण्यात विरघळत नाही. हौद आंबवला की तिचं क्षपण होऊन ती पिवळसर हिरव्या, विरघळणाऱ्या रूपात येते आणि धाग्यात मुरते. कापड बाहेर काढताच हवेतला ऑक्सिजन लागतो, डोळ्यांदेखत हिरव्याचं निळं होतं आणि नीळ धाग्यात अडकून बसते.

मंजिष्ठाचा लाल रंग सुताला नुसता धरत नाही. आधी हिरडा लागतो, मग तुरटी. हिरड्यातलं टॅनिन धाग्याला धरतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम टॅनिनला आणि रंगाचा रेणू ॲल्युमिनियमला. तुरटीच्या जागी लोहाचं पाणी वापरलं की तोच हिरडा काळा रंग देतो. हे हिरड्याचं झाड आपल्या कोयना-चांदोलीच्या रानातलंच.

म्हणून उजेडाच्या खिडकीला निळीचं किंवा मंजिष्ठ-तुरटीचं कापड लावावं. हळदीचं आतल्या खोलीत, उशीच्या अभ्र्याला. संग्रहालयांत जुनी वस्त्रं 50 लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात ठेवतात; भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो. नीळसुद्धा अशा उन्हात वर्षानुवर्षं तशीच राहणार नाही, तेव्हा पडद्याला मागून अस्तर द्या. बांधणीवर इस्त्री फिरवू नका, दोऱ्याने पडलेल्या चुण्या त्याने मोडतात. आणि विकत घेताना दुकानदाराला दोन गोष्टी जरूर विचारा: रंग कशाचा आहे, आणि ठिपके बांधलेले आहेत की छापलेले?