घोरपड नव्हे, कोंबडी मगरीच्या जवळची! डीएनएने बदलली मगरींची भाऊबंदकी

सांगलीकडं कृष्णेच्या काठाला किंवा चिपळूणला वाशिष्ठीत मगर दिसली की लगेच मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागतो. खाली कुणीतरी लिहितंच, 'ही सुसर हाय.' दुसरा म्हणतो, 'नाही, मगर.' आपल्या नद्यांत आहे ती मगरच, गावोगावी तिलाच सुसर म्हणतात. पुस्तकांत मात्र सुसर हे नाव बऱ्याचदा लांब, चिंचोळ्या तोंडाच्या घडियालला दिलेलं असतं. घडियाल महाराष्ट्रात नाही. तो उत्तरेत, चंबळ, गंडक अशा नद्यांत. भारतातली तिसरी जात खाऱ्या पाण्यातली, ती भितरकणिका, सुंदरबन आणि अंदमानात.

नावांचा घोळ एकवेळ चालेल. पण या सगळ्या मगरी एकमेकींच्या कोण लागतात, याचा घोळ शास्त्रज्ञांनाही कित्येक वर्षं सुटत नव्हता.

आधी नातं ठरायचं ते तोंडवळ्यावरून. कवटी, दात, जबडा, पायांची हाडं मोजायची आणि जुळणाऱ्यांना एका घरात बसवायचं. यात फसगत ठरलेली. वटवाघूळ उडतं म्हणून ते पाखरांच्या घरातलं होत नाही. मगरींमध्ये अशीच फसगत झाली ती घडियालच्या बाबतीत. मलेशिया आणि इंडोनेशियात टोमिस्टोमा नावाची मगर आहे. तिचंही तोंड लांब आणि अरुंद, म्हणून तिला 'खोटा घडियाल' म्हणतात. हाडं बघणारे सांगायचे की घडियाल सगळ्यांपासून फार पूर्वी वेगळा झालेला, आणि टोमिस्टोमा साध्या मगरींची बहीण. मासे धरायला अरुंद जबडा पाण्यात पटकन फिरतो, म्हणून दोघांचं तोंड सारखं झालं, एवढंच.

जुन्या सातबाऱ्यासारखं

डीएनएवरून नातं कसं काढतात, हे हाताने उतरवलेल्या जुन्या सातबाऱ्यावरून चटकन कळेल. समजा एका नकलेत 'गणपत'चं चुकून 'गणपती' झालं. त्या नकलेवरून पुढं जेवढ्या नकला निघाल्या, त्या सगळ्यांत 'गणपती'च येणार. म्हणजे दोन कागदांत एकच चूक सापडली, तर ते दोन्ही एकाच नकलेवरून उतरवलेले असणार. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक नोंद आहे. आई-बापाकडून पिलाकडं जाताना ती उतरवली जाते आणि एखादं अक्षर बदलतं. ज्या दोन जातींत बदललेली अक्षरं सारखी, त्यांचा पूर्वज एकच. कधी कधी तीच चूक दोघांकडून वेगवेगळीही होते, म्हणून एका अक्षरावर निकाल देत नाहीत, हजारो अक्षरं तपासतात.

मूळ अक्षर कोणतं आणि बदललेलं कोणतं, हे कळायला बाहेरचा एक नातलग लागतो. इथं गंमत आहे. मगरीचे आज जिवंत असलेले सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे पक्षी. पाल, घोरपड दिसायला मगरीसारखी, पण परसातली कोंबडी तिच्या जास्त जवळची. मगर आणि पाखरांचा समान पूर्वज डायनासोरच्याही आधीचा.

नमुन्यासाठी जनावर मारावं लागत नाही. शेपटीच्या खवल्याचा छोटा तुकडा किंवा थोडं रक्त पुरतं. संग्रहालयातल्या जुन्या कातड्यावरूनही डीएनए मिळतो. मात्र नर की मादी हे त्यातून कळत नाही. मगरीत ते अंड्याला मिळालेल्या उष्णतेवर ठरतं.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ल्युएलिन डेन्समोर यांनी मगरींच्या रक्तातली प्रथिनं तपासली, तेव्हा घडियाल आणि टोमिस्टोमा सख्खे निघाले. हाडवाल्यांना ते पटलं नाही. पुढं डीएनएच्या तपासण्या होत गेल्या आणि उत्तर तेच येत राहिलं. २०१४ मध्ये अमेरिकी ॲलिगेटर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि आपला घडियाल या तिघांचा जवळपास पूर्ण डीएनए वाचून प्रसिद्ध झाला. मगरींची अक्षरं पाखरांच्या तुलनेत फारच सावकाश बदलतात, हेही त्यात दिसलं.

वाद लगेच मिटला असं नाही. डायनासोरच्या काळातले लांब तोंडाच्या मगरींचे सांगाडे घडियालचे पूर्वज मानले जायचे. ते खरं असेल तर घडियाल साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच वेगळा झालेला हवा. पण घडियाल आणि टोमिस्टोमा यांच्या अक्षरांतला फरक तेवढा मोठा नाही. आता बरेच अभ्यासक म्हणतात की ते सांगाडे दुसऱ्याच फांदीचे, लांब तोंड अनेकदा वेगवेगळं तयार झालेलं.

ममीतली मगर

दुसरी गोष्ट इजिप्तची. तिथं देवाला वाहिलेल्या मगरींच्या ममी सापडतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रुआ सेंत-इलेर यांनी १८०७ मध्ये अशी ममी पाहून सांगितलं की ही नाईल मगरीपेक्षा वेगळी जात आहे, तिचं नाव सुकस. पुढं हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २०११ मध्ये एव्हॉन हेकला आणि सहकाऱ्यांनी ममींचा आणि आजच्या आफ्रिकी मगरींचा डीएनए लावून पाहिला. जॉफ्रुआ बरोबर निघाले. एवढंच नाही, नाईल मगर सुकसपेक्षा अमेरिकेतल्या मगरींच्या जवळची निघाली, म्हणजे त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून अटलांटिक महासागर ओलांडून गेले असावेत. खऱ्या मगरींच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्यामुळं समुद्राचं त्यांना वावडं नाही.

याला कागदी किस्सा समजू नका. दोन्ही जाती एकाच नावाखाली मोजल्या जात होत्या, तेव्हा 'नाईल मगर भरपूर आहेत' असं वाटायचं. वेगळं केल्यावर कळलं की पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली सुकस बऱ्याच ठिकाणी विरळ झाली आहे. एकीच्या संख्येआड दुसरी नाहीशी होत होती.

आग्नेय आशियात तर मगरपालनाच्या शेतांत सयामी आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा संकर केला जातो, कातड्यासाठी. संकरित पिल्लू नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड. म्हणून कंबोडियात सयामी मगरी पुन्हा रानात सोडायच्या आधी त्यांचा डीएनए तपासतात, आणि शुद्ध निघेल तीच नदीत जाते.