शैक्षणिक संस्थांतील लैंगिक छळ आणि गोपनीय साहाय्य

शैक्षणिक संस्थेच्या आवारात किंवा शिक्षणाच्या निमित्ताने अन्यत्र लैंगिक छळ सोसावा लागलेल्या विद्यार्थ्यांना ओळख उघड न होता मिळणारे समुपदेशन, वैद्यकीय मदत, कायदेविषयक सल्ला आणि तक्रार निवारण यांस एकत्रितपणे गोपनीय साहाय्य म्हणता येते. भारतात या व्यवस्थेचा मुख्य आधार म्हणजे महाविद्यालये व विद्यापीठे यांतील अंतर्गत तक्रार समिती होय. मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील अनेक महाविद्यालयांत या कामाशी निगडित यंत्रणा महिला विकास कक्ष या नावाने परिचित आहे.

== पार्श्वभूमी ==
राजस्थानातील एका सामाजिक कार्यकर्तीवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उद्भवलेल्या विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणी तक्रार समिती नेमणे बंधनकारक केले. या निर्देशांची अंमलबजावणी होत नसल्याचा प्रश्न पुण्यातील कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयापुढे नेला. त्यावर १९ ऑक्टोबर २०१२ रोजी निर्णय आला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा केंद्रीय अधिनियम २०१३ मध्ये संमत होऊन त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून अमलात आला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी २०१५ चे स्वतंत्र विनियम केले व ते २ मे २०१६ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाले. मूळ अधिनियमातील संरक्षण महिलांपुरते आहे. विनियमांनी मात्र काही विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळास बळी पडतात, हे मान्य करून सर्व लिंगांच्या विद्यार्थ्यांविरुद्धच्या हिंसेवर कारवाई करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली.

== समितीची रचना ==
समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि स्वयंसेवी संस्थेतील एक बाह्य सदस्य यांचा तीत समावेश असतो. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही सहभागी होतात. निम्म्याहून कमी महिला सदस्य असू नयेत, असा नियम आहे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना सदस्य होता येत नाही. निर्णयाची सत्ता हाती असणाऱ्यांचा चौकशीवर दबाव येऊ नये, हा यामागील हेतू आहे.

== गोपनीयतेचे स्वरूप ==
'गोपनीय' हा शब्द साहाय्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या अर्थाने वापरला जातो.

'''समुपदेशन.''' समुपदेशकाशी बोलणे म्हणजे तक्रार नोंदवणे नव्हे. पीडित व्यक्ती प्रौढ असल्यास केवळ या संभाषणावरून समितीची चौकशी सुरू होत नाही. पुढे काय करावे हे ठरवण्यासाठी तिला यातून वेळ मिळतो.

'''समितीकडील तक्रार.''' ही तक्रार लेखी असावी लागते. तक्रारदारास लिहिणे शक्य नसल्यास समितीने साहाय्य करावयाचे असते. तक्रारीची प्रत सात दिवसांत प्रतिवादीला दिली जाते आणि त्याने दहा दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. त्यामुळे येथे गोपनीयता म्हणजे निनावीपणा नव्हे. आपल्यावर कोणता आरोप आहे आणि तो कोणी केला आहे, हे प्रतिवादीला कळते, परंतु बाहेरच्या कोणालाही ते कळू द्यावयाचे नसते. अधिनियमाच्या कलम १६ नुसार तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख, तसेच चौकशीचा तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. माहितीच्या अधिकाराखालीही तो मिळू शकत नाही. ही जबाबदारी सोपवलेल्या व्यक्तीने नियमभंग केल्यास पाच हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

'''पोलीस व न्यायालय.''' बलात्काराच्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात होते.

'''अल्पवयीन विद्यार्थी.''' अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत ही व्यवस्था बदलते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शिक्षक, गृहपाल आणि समुपदेशक यांनाही ते लागू होते. अकरावी-बारावीचे वर्ग अनेकदा वरिष्ठ महाविद्यालयाच्या आवारातच भरतात. तेथे 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन कोणी कर्मचारी कायद्याने देऊ शकत नाही. ही मर्यादा बोलणे सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

== कार्यपद्धती व अंतरिम साहाय्य ==
घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करावयाची असते. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल दिला जातो आणि संस्थेने शिफारशींवर तीस दिवसांत कार्यवाही करावी, असे विनियम सांगतात. तक्रारदाराने स्वतः विनंती केल्यासच समेट घडवता येतो, मात्र तो पैशांच्या देवघेवीवर आधारलेला नसावा.

चौकशी चालू असतानाही साहाय्य मागता येते. तक्रारदार किंवा प्रतिवादी यांचा विभाग बदलणे, तीन महिन्यांपर्यंत रजा देणे, तसेच प्रतिवादीने तक्रारदारापासून अंतर राखावे असा आदेश काढणे शक्य असते. तक्रारदाराच्या परीक्षेचे मूल्यमापन करण्यास प्रतिवादीला मनाईही करता येते. अंतर्गत गुण ज्याच्या हाती आहेत अशा अध्यापकाविरुद्ध तक्रार असल्यास या तरतुदीचे महत्त्व विशेष असते. तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्याच कारणावरून ती खोटी ठरत नाही आणि तक्रारदारावर कारवाईही होत नाही.

चौकशी प्रतिवादीसाठीही न्याय्य असावी लागते. गोवा विद्यापीठातील विद्यार्थिनींनी २००९ मध्ये एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. त्यानंतरची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी रद्द केली. समितीने अवाजवी घाई केली व बचावाची पुरेशी संधी दिली नाही, असे कारण देऊन न्यायालयाने प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. विद्यापीठे व महाविद्यालयांसह सर्वत्र समित्या नेमल्या आहेत की नाही, याची पडताळणी करण्याचे निर्देशही त्याच निकालात होते. सदोष चौकशीची किंमत तक्रारदारांनाही मोजावी लागते, हे या प्रकरणातून दिसते.

== ग्रामीण ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात ==
शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील आदिवासी लोकवस्ती असलेले तालुके आहेत. शहापूर येथे आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे. उंबरमाळी हे कसारा मार्गावरील खर्डी आणि कसारा यांदरम्यानचे स्थानक आहे. मुरबाडला रेल्वे नसल्याने तेथील प्रवास रस्त्यानेच होतो. अशा भागात शिक्षणासाठी रोजचा प्रवास किंवा वसतिगृहातील वास्तव्य अपरिहार्य ठरते.

विनियमांतील 'आवार' या संज्ञेत संस्थेने पुरवलेले वाहन, क्षेत्रभेट, सहल, शिबिर आणि क्रीडास्पर्धा यांची ठिकाणेही येतात. त्यामुळे खेड्यात भरलेल्या महाविद्यालयीन शिबिरातील छळाची तक्रार समितीकडे करता येते. लोकल गाडीतील प्रसंग मात्र लोहमार्ग पोलिसांच्या कक्षेत येतो. त्यासाठी १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे.

जेथे गावातील बहुतेक लोक एकमेकांना ओळखतात, तेथे नाव न छापताही गाव, वर्ग किंवा वसतिगृह यांच्या उल्लेखावरून ओळख पटते. म्हणून गोपनीयतेत असे अप्रत्यक्ष तपशील टाळणेही अभिप्रेत असते. घरी कळल्यास शिक्षण थांबवले जाईल, ही भीती तक्रार न करण्यामागचे एक कारण असू शकते. सुरक्षिततेचे निमित्त करून वसतिगृहातील मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत, असे विनियमांत स्पष्ट म्हटले आहे.

== संस्थेबाहेरील साहाय्य ==
* '''वैद्यकीय :''' बलात्कार पीडितेवर तातडीने विनामूल्य उपचार करणे शासकीय व खासगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे.
* '''पोलीस :''' गुन्हा कोठेही घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात प्रथम खबर नोंदवता येते. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.
* '''कायदेविषयक :''' महिला, तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधिसेवा मिळते. मदत क्रमांक १५१०० आहे.
* '''आर्थिक :''' महाराष्ट्र शासनाची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून सुरू आहे.
* '''समुपदेशन :''' महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक आहेत.

समितीकडे केलेली तक्रार आणि पोलिसांकडील फिर्याद हे स्वतंत्र मार्ग असून एकाचा अवलंब केल्याने दुसऱ्याचा हक्क संपत नाही.