कागदाच्या थरांतून गेममधली पात्रं: करायची कशी आणि विकताना काय बघायचं



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वसुली झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि एका ताईंनी पिशवीतून एक वस्तू काढून सतरंजीवर ठेवली. लाल टोपी, जाड मिशी, निळी पट्ट्यांची पँट. कागदाचे थर एकावर एक चिकटवून केलेला मारिओ! नातवाच्या वाढदिवसाला केला होता. बाजारातल्या एका केकवाल्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "असे चाळीस करून द्या, नगाला पन्नास रुपये देतो." सगळ्या खूश. मी तर लगेच "घ्या ऑर्डर" म्हणून मोकळी झाले. तिथे माझं चुकलं. काय चुकलं ते पुढे सांगते. आधी ही वस्तू होते कशी ते बघू.

गेममधलीच पात्रं सोपी का?

मारिओ पहिल्यांदा १९८१ साली 'डाँकी काँग' या जपानी गेममध्ये आला. तेव्हा पडद्यावर चित्र अगदी थोड्या चौकोनी ठिपक्यांत बसवावं लागायचं. तेवढ्यात तोंड नीट दिसेना म्हणून मिशी दिली, केस काढणं अवघड म्हणून टोपी दिली. म्हणजे थोडे रंग, ठळक आकार. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत आपण हेच करतो. कागदाच्या कामालाही असंच चित्र लागतं, कारण इथे एक रंग म्हणजे एक थर.

शिकायला सुरुवात मात्र पॅकमॅनपासून करा. हा १९८० सालचा गेम. पिवळा गोल, त्याला तोंडाची एक फोड कापलेली, झालं पात्र तयार. मागे लागलेली चार भुतं लाल, गुलाबी, आकाशी आणि नारिंगी. यावर हात बसला की मारिओ घ्या.

सामान

- रंगीत कार्डशीट, २०० ते ३०० जीएसएमची. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, तो वाकतो.
- बटर पेपर आणि पेन्सिल
- कटर, जास्तीची पाती, बारीक कात्री
- खाली ठेवायला जाड पुठ्ठा
- दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमटेप आणि थोडा फेविकॉल

कृती

१. चित्र बटर पेपरवर उतरवा आणि किती रंग आहेत ते मोजा. मारिओला पाच लागतात: त्वचेचा, लाल, निळा, तपकिरी, पिवळा.

२. सगळ्यात मागचा थर पांढरा किंवा काळा घ्या. तो पूर्ण आकृतीपेक्षा चारी बाजूंनी पाच मिलिमीटर मोठा कापा. सगळं वजन हाच थर धरतो.

३. प्रत्येक रंग वेगळा कापा. वरच्या थराखाली जाणारा भाग तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवा, नाहीतर जोडावर फट दिसते. नवीन बायकांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

४. आतली भोकं आधी, बाहेरची कड नंतर. कड आधी कापली तर कागद हातात ठरत नाही. वळणावर कटर नाही, कागद फिरवा. पातं बोथट झालं की कड पिंजते, तेव्हा टोक बदला.

५. आता जोडणी. आधी चेहरा आणि हात, मग लाल शर्ट, त्यावर निळी पँट. हे फेविकॉलचा अगदी पातळ हात देऊन चिकटवा. जास्त लागला की कागद सुरकुततो. टोपी, मिशी आणि शेवटी नाक फोमटेपवर लावा, म्हणजे ते उचलून दिसतात. पिवळी बटणं पंचिंग मशीनने काढा.

६. रात्रभर जड वह्यांखाली ठेवा. पावसाळ्यात कार्डशीट दमट होऊन वाकते, म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवायची.

केकवर लावायचं असेल तर खायच्या वस्तूला चालणारी काडी वापरा. कागद आणि फेविकॉल क्रीमला लागता कामा नये.

आता माझी चूक

पहिली चूक हिशोबाची. समजा एका नगाला सामान १४ रुपयांचं लागलं आणि वेळ दीड तास. पन्नासातून १४ गेले, राहिले ३६. म्हणजे तासाला २४ रुपये. ताई म्हणाल्या, "मॅडम, घरी बसूनच तर करतो." पण घरी बसून केलं म्हणून वेळ फुकट होतो का? तासाला ४० रुपये धरले तरी किंमत ७४ होते. बिघडलेला नग, जाण्यायेण्याचा खर्च अजून वेगळाच.

दुसरी चूक त्याहून मोठी. मारिओ निन्टेन्डो या जपानी कंपनीचा आहे. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. दुसऱ्याचं पात्र परवानगीशिवाय धंद्यासाठी बनवून विकलं तर कंपनी कारवाई करू शकते. "बाजारात सगळेच विकतात" हे उत्तर तिथे चालत नाही. नातवासाठी घरी एक करणं वेगळं आणि गटाच्या नावाने चाळीस विकणं वेगळं. गटाचं नाव, बँकेचं खातं, सगळ्यांची पत पणाला लागते. हे मी त्याच बैठकीत सांगायला हवं होतं. दोन दिवसांनी माहिती घेऊन परत गेले आणि माफी मागितली.

मग केलं काय?

ऑर्डर सोडली, पण हातातली कला सोडली नाही. ताईंनी तीच पद्धत वापरून स्वतःचं चित्र काढलं: ठिपक्यांच्या वहीवर, चौकोनी चौकोनी, गेममध्ये शोभेल असा एक ट्रॅक्टर आणि त्यावर पदर खोचून बसलेली बाई. खाली मुलाचं नाव. केकवाल्यांनी आधी नाक मुरडलं, मग म्हणाले, "दहा द्या, बघू." भाव ठरला ८० रुपये. चाळीसचे दहा झाले हे खरं. पण ते चित्र आपलं आहे, त्यावर कुणाचा हक्क नाही.

तुमच्या गटात कुणाचा हात कागदावर चालत असेल तर गावातली पात्रं शोधा: कोंबडा, बैलजोडी, एसटी, शाळेची बाई. नमुना तयार झाला की मागे तारीख आणि गटाचं नाव लिहून फोटो काढून ठेवा. आणि भाव सांगण्याआधी वहीत वेळ लिहा. पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला एक-एक नमुना घेऊन या, आपण सतरंजीवर मांडून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक