अवेराचा अर्थ : भदन्त महाघोषानंद यांची धम्मयात्रा

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात युद्धाचा प्रसंग उद्भवला, तेव्हा सिद्धार्थ गौतमाने शाक्य संघाच्या भर सभेत युद्धाच्या ठरावास विरोध केला आणि त्यासाठी परिव्रज्या पत्करली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितलेला हा प्रसंग वाचकांस सुपरिचित आहे. तरीही विहारात मेत्तेवर प्रवचन झाले की एखादा उपासक हटकून विचारतो : ज्याने आमच्यावर अन्याय केला त्याच्याशी मैत्री करावयाची, म्हणजे अन्याय विसरावयाचा काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना कंबोडियातील एका भिक्षूचे जीवन आम्हांस मार्गदर्शक वाटते.

भदन्त महाघोषानंद यांचा जन्म ताकेओ प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. भारतात येऊन त्यांनी नव नालंदा महाविहारात अध्ययन केले. १९६५ साली ते थायलंडमध्ये ध्यानसाधनेसाठी गेले आणि त्यामुळेच वाचले. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत कंबोडियातील १५ ते २० लाख माणसे मृत्युमुखी पडली. भिक्षूंना बळाने चीवर उतरावयास लावले गेले, विहारांची कोठारे व तुरुंग झाले, संघ जवळजवळ नामशेष झाला. भदन्तांचे सारे कुटुंबीय या संहारात गेले.

राजवट कोसळल्यानंतर ते सीमेवरील साकेओच्या निर्वासित छावणीत गेले. तेथे छळ सोसलेले लोक होते, तसेच ख्मेर रूजचे सैनिकही होते. भदन्तांनी दोघांनाही मेत्तसुत्ताच्या प्रती वाटल्या. धम्मपदाच्या यमकवग्गातील वेर आणि अवेर यांविषयीची गाथा ते लोकांकडून म्हणवून घेत. कित्येक वर्षांनी पालि शब्द कानी पडताच लोकांना रडू आवरत नसे.

येथे ‘अवेर’ या शब्दाचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे. ‘अ’ या उपसर्गामुळे तो केवळ अभाव दर्शवितो, असा समज होतो. परंतु अभिधम्मात अलोभ, अदोस व अमोह ही कुशलमूले मानली आहेत. अदोस म्हणजे द्वेष नसणे एवढेच नव्हे, तर मेत्ता हे त्याचेच स्वरूप होय. तद्वतच अवेर म्हणजे वैर सोडून स्वस्थ बसणे नव्हे. ते कर्म आहे, आणि ते भयाच्या जागी जाऊन करावे लागते.

१९९१ साली पॅरिस येथे शांतता करार झाला, पण रानात सुरुंग होते आणि लढाई चालूच होती. १९९२ साली भदन्तांनी थायलंडच्या सीमेपासून नॉम पेन्हपर्यंत पहिली धम्मयात्रा काढली. ‘धम्मयिएत्रा’ हा तिचा ख्मेर उच्चार. भिक्षू, उपासक आणि निर्वासित महिनाभर पायी चालले. गावोगावी लोक पाण्याची भांडी घेऊन वाटेवर बसत. कित्येकांना दुरावलेले नातलग या वाटेवरच भेटले. १९९३ साली निवडणुकीपूर्वी दुसरी यात्रा निघाली, तेव्हा सिएम रीप येथे गोळीबारात काही यात्री जखमी झाले, तरी यात्रा थांबली नाही.

१९९४ साली मात्र यात्रा सरकारी सैन्य व ख्मेर रूज यांच्या गोळीबारात सापडली. एक भिक्षू व एक शीलधारी स्त्री यांचा मृत्यू झाला. त्यातून यात्रींनी धडा घेतला : शस्त्रधाऱ्यांस यात्रेत स्थान नाही, आणि अहिंसेचे प्रशिक्षण घेतल्याविना कोणी यात्रेत यावयाचे नाही. आम्हांस ही गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. अहिंसा ही केवळ भावना नव्हे. ती शिकावी लागते, तिला शिस्त लागते.

आता उपासकाच्या प्रश्नाकडे वळू. भदन्त १२ मार्च २००७ रोजी निवर्तले. ख्मेर रूजच्या नेत्यांसाठी स्थापन झालेल्या विशेष न्यायालयाने २०१० साली पहिला निकाल दिला. मेत्तेने न्यायाचा मार्ग अडविला नाही. सूडाने पेटलेला समाज न्यायालयाची वाट पाहत नाही; अवेराची सवय झालेला समाज ती पाहू शकतो. अन्याय विसरणे हे अवेर नव्हे. अन्यायाची आठवण ठेवूनही अन्याय करणाऱ्यासारखे न होणे, हे अवेर होय.

भवतु सब्ब मंगलं.